वायसर

रिओनी नदीच्या अलीकडे लामाराचं दुकान,
दार इतकं अरुंद
की शिडी विकलीच तर खिडकीतून काढून द्यावी लागते.
मी पलीकडे, नव्या दालनात.
माझ्याकडे अकरा जातींचे नळ, आपोआप सरकणारं दार,
आणि दर दहा लारीला एक गुण देणारं निळं कार्ड.
हेड ऑफिसने त्याला निष्ठा-कार्ड नाव दिलेलं.

कुताइसीच्या लोकांनी कार्डं घेतली, हसून घेतली,
पाकिटात ठेवली
आणि पूल ओलांडून तिच्याकडे गेले.

का, ते बघायला एकदा गेलो.
भिंतीशी उभा राहिलो, गिऱ्हाईक असल्यासारखा.
म्हातारा ओतिया आला, नवा नळ मागत.
"गळतो?"
"रात्रभर. बायकोला वाटतं मी मुद्दाम करतो."
"तोंडातून की मानेतून?"
त्याने स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं.
तेवढ्यावरून तिने डबा उघडला,
काळा रबरी वायसर काढला, नखाने दाबून पाहिला.
"वीस तेत्री. आणि मागच्यासारखा उलटा बसवू नकोस."

वीस तेत्री! लारीचा पाचवा हिस्सा!
माझ्याकडून तो साठ लारींचा नळ घेऊन गेला असता,
वर सहा गुण.
ही बाई बुडणार, मी मनाशी म्हणालो,
आणि मला जरा बरंही वाटलं.

मग जानेवारीतला तो रविवार.
आमच्याच स्वयंपाकघरात पाइपाचा सांधा सुटला.
मक्वाला खुर्चीवर उभी, अंगठ्याने पाणी दाबून,
आणि मला उद्देशून जे बोलत होती
ते इथे लिहीत नाही.
दालनाचा मदत-क्रमांक मला पाठ. फिरवला.
संगीत वाजलं.
मग पुन्हा तेच संगीत.

सपातांवरच पूल ओलांडला.
लामाराने दार उघडलं, कोपरापर्यंत पीठ.
मी कोण, कुठला, विचारलं नाही.
"केवढा जाड?"
मी दोन बोटांत दाखवला.
"घाबरलेला माणूस जाडच दाखवतो,"
म्हणाली, आणि एक माप लहान दिलं.

तंतोतंत बसलं.

दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेलो.
पाकिटातून निळं कार्ड खाली पडलं.
तिने उचललं, चष्मा वर करून वाचलं.
"हे कशाला?"
"गुण साठतात."
"साठले की?"
"सूट."
"अच्छा," ती म्हणाली,
आणि पुसून परत दिलं. एवढंच.

मंगळवारी एक बाई आली दालनात,
सगळ्यात महागडा नळ हातात घेऊन.
मला ठरवून काही बोलायचं नव्हतं.
"कुठून गळतो?" निघूनच गेलं तोंडातून.
वर कॅमेरा. त्याच्यामागे मॅनेजर.
बाईने क्षणभर पाहिलं माझ्याकडे,
मग हळूच मानेवर बोट ठेवलं.

आमच्याकडे वायसर सुटा मिळत नाही,
पन्नासाचं पाकीट असतं, सीलबंद.

मी पाकीट फोडलं.