नाळेजवळची सातवी पट्टी

इनास मेस्तानं धाडलेलं पुडकं सोडलं.
आत चाळीस पट्ट्या, शिवणीच्या, दोन मिलिमीटर जाड,
आणि वरच्या कागदावर पेन्सिलीनं : बरीं मात वेंच.

एकेक खिडकीपाशी धरते.
एकतीस वर्षं बांबोळीच्या इस्पितळात
लोकांची हाडं अशीच उजेडात धरली,
सवय जात नाही.
रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, तर उजवीकडे.
मध्येच तिरकी होऊन काठाबाहेर पडली, तर डावीकडे.
ती तिथेच मोडणार,
आज नाहीतर डिंक वाळल्यावर.
एकीला गाठ आहे, तिळाएवढी.
ती उजवीकडे नाही, डावीकडेही नाही,
चष्म्याच्या डबीवर ठेवते.

पातमारीचा सांगाडा टेबलावर उभा आहे,
पठाण, त्यावर एकोणीस वांक.
शेजारची फ्लेव्हिया दारातूनच विचारते,
हा कुणाचा एक्स-रे?

मधल्या वांकांवर पट्टी आपोआप बसते,
दमलेलं माणूस खाटेवर आडवं व्हावं तशी.
अडचण पुढे, जिथे गलबत अरुंद होत जातं
आणि सगळ्यांना एकाच नाळेला जाऊन भिडायचं असतं.
सहा भिडल्या.
सातवी तीनदा मोडली.

शाळेत फळ्याच्या वर लिहिलेलं होतं,
मोडेन पण वाकणार नाही.
आम्ही ते वळणदार अक्षरात वीस वीस वेळा काढलं.
त्या वर्गातलं कुणी सुतार झालं नाही.

लहान मुलाचं हाड मोडतं
तेव्हा पुष्कळदा दोन तुकडे होत नाहीत.
ओल्या फांदीसारखं एका अंगानं फाटतं,
दुसऱ्या अंगानं धरून राहतं.
फिल्मवर तसं दिसलं की बाहेरच्या बाकावरच्या आईला
मी तेवढंच सांगायची : धरून आहे.
सांगायचा अधिकार नव्हता मला.
डॉक्टर सांगणार असत, बारा वाजता.

मेस्ताला फोन लावला.
हात कापतात त्याचे आता, आवाज कापत नाही.
"हून उदक पुरो गो, खतखतूंक नाका."
मग म्हणाला, पोटावर वाकव, कुशीवर वाकत नाही ती.
आणि हवी त्याहून जास्त वाकव, थोडी परत येतेच.
मग सुनेनं फोन घेतला,
पेज निवत चालली होती.

डबीवरची गाठवाली उचलली.
गाठीशी रेषा आधीच जराशी वळलेली,
जणू लाकडाला उभेपणीच ठाऊक होतं.
गाठ सोडून अलीकडचा तुकडा घेतला,
नाळेपुरती चौदा बोटं.
पाइपच्या तुकड्याला खालून बूच मारून
त्यात कढत पाणी, त्यात ती, वीस मिनिटं.

घरात पोट असलेली वस्तू एकच,
फेणीचा गाराफांव.
बार्जी बंद झाल्या त्या वर्षी यशवंतानं आणलेला,
तळाशी तीन बोटं अजून आहे.
मी पीत नाही. ओतून टाकायचंही राहून गेलं.

त्याच्या खांद्याखालून पट्टी फिरवत नेते.
करकरली की थांबते,
पुन्हा पाणी, पुन्हा बोटभर.
वरून क्रेप बँडेज, तीन वेढे,
फार घट्ट नाही,
बोटं निळी पडत नाहीत ना, असं बघण्याइतकी
मी अजून वेडी आहे.

रात्रभर कपाटावर होती.
पहाटे सोडली तेव्हा किंचित परत आली,
मेस्त म्हणाला होता तेवढीच.
ओल्या शिवणीचा वास, आणि नसताना फेणीचा.
झुआरीच्या पुलावरचे दिवे अजून विझले नव्हते.
टोक तासलं, डिंक लावला,
नाळेशी अंगठ्यानं दाबून धरली.

पकड सुटेपर्यंत हात काढता येत नाही.
बाहेर पोदेराचा भोंगा, एकदा,
मग फाटकाशी थांबून आणखी एकदा.
आज पाव घेता येणार नाही.