तक्रार

विश्रामबाग, सांगली. तिसरा मजला.
वॉशिंग मशीन सरकवून केलेली जागा,
चार फूट बाय अडीच.
तेवढ्यात मी, करवत, आणि
मुलाण्यांच्या वखारीतून
रिक्षात तिरकी घालून आणलेली सागाची फळी.

"गाठ बघून कापा, ताई," ते म्हणाले होते.
मला दिसली नाही. करवतीला दिसली.

बँकेत एकतीस वर्षं
लोकांच्या बेरजा जुळवल्या.
इथे आठ मिलिमीटरचं कुसू
सात मिलिमीटरच्या खाचेत
जात नाही म्हणजे नाही,
मॅनेजरची सही आणली तरी.

भुसा मार्केट यार्डातल्या हळदीसारखा
सगळीकडे: चष्म्यावर, डाळीच्या डब्यात,
खाली पत्रावळ्यांच्या वाळत्या चादरीवर.

रविवारी ते वर आले,
चादर हातात, पुराव्यासारखी.
एसटीच्या वर्कशॉपात हयात गेलेला माणूस.
बोलायला तोंड उघडलं
आणि नजर पडली माझ्या कापावर.

चादर मशीनवर ठेवली.
फळीचं मोकळं टोक गुडघ्याखाली दाबलं.
"जोर नको. तिचं तिला कापू दे."

जाताना दारात थांबले.
"तक्रार मी देणारच आहे सोसायटीत.
वेळ फक्त चारनंतरची मागतो.
तोवर झोप झालेली असते माझी."