शिवणाची खोली

सिडकोतल्या घराची मागची खोली
मुलगा पुण्याला गेल्यावर माझी झाली,
असं मी म्हणते.
मशीनच्या पायडलवर टिप्या झोपतो,
उठवला की एक टीप घालू देतो,
परत हनुवटी टेकवतो.
बॉबीन तर कापडावरच. खडूची रेघ
तिच्या पोटाखालून जाते,
तेवढी मी अंदाजानं कापते.

रविवार कारंज्यावरून आणलेलं अस्तर,
शालनवहिनींच्या होणाऱ्या सुनेचा ब्लाउज,
उद्या सातपूरला हळद.
इस्त्री फिरवली, झटकला,
खिडकीशी उजेडात धरला.

तरी काखेच्या शिवणीत
बॉबीनचा एक पांढरा केस राहिलाच.
उसवायला सुई घेतली
आणि ठेवून दिली.

जाऊ दे तिलाही
एकदा वरातीत.