मी लिहिलो

चौघांच्या वह्यांत एकच समुद्र.
विषय दिला होता : आपल्या भागातला धंदा.
चौघांनीही निवडले शहापूरचे विणकर,
आणि चौथ्या ओळीत चौघांकडेही
खारा वारा सुटतो, होड्या किनाऱ्याला लागतात,
मग माग सुरू होतात.
शहापुरातून समुद्र गाठायचा
तर चोर्ल्याचा घाट उतरावा लागतो.

कॉम्प्युटरने टक्के काढून दिले :
ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, नव्वद.
नव्वदवाल्याने उतरवताना काही शब्द चुकवले होते.
तेवढेच त्याचे स्वतःचे.

नियम भिंतीवर आहे,
कानडीत ठळक, इंग्रजीत बारीक.
माझ्या भाषेत नाही, तरी मला लागू आहे.
मी तांबड्या पेनाचं टोपण काढलं
आणि परत लावलं.

ऑल्विन पिंटो, खानापूरच्याही पलीकडचा :
"बाई, आपल्या शब्दांत लिहा म्हणालात.
घरी कोंकणी. शाळा कानडी. बसमध्ये मराठी.
पेपर इंग्रजीत.
यातले आपले कुठले, ते आधी सांगा."
मी चहा मागवला.

ईरण्णा हुक्केरी फरशीकडे बघत म्हणाला,
आमच्यात थोरांचं बोलणं मोडून सांगत नाहीत,
अक्षर हललं तर अज्जा काठी आपटतो.
मी विचारलं, मठात वचन म्हणतोस,
शेवटी काय येतं?
"अंकित. ज्याचं वचन, त्याची खूण."
ती गाळून म्हणशील?
"छे छे!" असा दचकला,
जशी मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले.
मग इथं कशी गळली?
बराच वेळ नुसता पंखा बोलत राहिला.

तबस्सुम सनदी मात्र चिडली.
तिचे नाना एक ओळ सांगायची
तर आधी नावं सांगतात,
कुणी कुणाकडून ऐकलं, त्याने कुणाकडून.
नावं संपेपर्यंत चहा निवतो.
"तेच इथं करायचं असतं,
हे पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंत?"

काय सांगणार?
माझ्या कपाटात पिवळ्या पडलेल्या नोट्स आहेत,
कोल्हापुरात सरांनी उतरवून दिलेल्या.
बारा वर्षं वर्गात तशाच वाचते.
सरांचं नाव एकदाही घेतलेलं नाही.

शेवटचा भरमाणी कडोलकर, वडगावचा.
त्याचेच ते नव्वद.
"घरातच माग हाय की वो, बाई."
मग समुद्र कशाला आणलास?
"आमच्या घरात लिवण्यासारखं काय हाय?"

याला कुठला नियम लावायचा
ते भिंतीवर नव्हतं.

आठ दिवसांनी दीड पान घेऊन आला.
होड्या नाहीत.
तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडणारा बाप आहे,
खटखटीमुळे मोठ्याने बोलायची सवय लागलेलं घर आहे,
शेजारी मयत झाली त्या दिवशी
आपलाच आवाज ऐकून ओशाळलेली आई आहे.
आणि पानाच्या तळाशी, रेघ मारून :
हे वडिलांनी सांगितलं.
मंगळवारी, लाईट गेल्यावर, माग बंद होता तेव्हा.

"मी लिहिलो, बाई. सगळं मीच."

लिहिलो नाही रे, लिहिलं.
बारा वर्षं हेच दुरुस्त करत आले.
पुस्तकातल्या मराठीत लिहिणारा बाजूला उभा राहतो,
क्रियापद लिहिलेल्याच्या मागे जातं.
इथल्या बोलीत ते लिहिणाऱ्याचा हात धरतं,
सोडत नाही.

तांबडं पेन हातातच होतं.
त्या दीड पानात शुद्धलेखनाच्या
एकोणीस चुका होत्या.
अठरा दाखवल्या.