वही सोपवताना

उद्यापासून हा भाग तुझा, गजमल.
मशीन ऑफिसातून मिळेल,
फोटो काढायचा, आकडे आपोआप जातात.
शहर मात्र आपोआप डोक्यात जात नाही,
म्हणून आजचा दिवस माझ्या मागं बस.
पेट्रोल माझं.

लोक विचारतात, धुळ्यात पाहायला काय आहे?
त्यांना लळिंगचा किल्ला दाखवून मोकळं व्हायचं.
तुला मी मीटर दाखवतो.

इथं गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत,
घाईत कोणी पोरं मोजून रांगेत उभी केल्यासारखे.
चार नंबरात मे महिन्यात अकराच्या आत जा.
डाव्या हाताची सावली तेव्हा खांद्याएवढी असते,
बाराला ती उंबऱ्याआड जाऊन बसते.
तिथंच दगूबाई. मीटर जिन्याखाली, अंधारात.
तू दिसायच्या आधी तिचा आवाज येईल,
'कथा चालना रे भाऊ? बठ जरासा.'
बस.
माठात वाळा असतो.
बिल जास्त आलं म्हणून ती शिव्या देईल,
त्याही बसूनच ऐक.

शकूर चाचाचे चार माग.
पहिली दोन वर्षं तो खडखडाट मला नको व्हायचा,
आता चारातला एक बंद असला
तर कोपऱ्यावरूनच कळतं,
आणि दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

पाचकंदीलला कंदील शोधू नकोस.
फळांच्या गाड्यांमागे बोर्डाचा एक जुना खांब आहे,
त्याला टेकून पेरू खायचा, तिखट-मीठ मागून घेऊन.
हे कामात धरत नाहीत.
तू धर.

देवपूरला पुलावरूनच जा, उशीर झाला तरी.
पांझरा बहुतेक दिवस वाळूच असते,
पोरं पात्रात स्टंप ठोकतात.
पण अक्कलपाड्याहून पाणी सुटलं
की दुकानं अर्धी ओढून माणसं कठड्याला येऊन लागतात,
कोणीतरी आपलं
एसटीतून उतरणार आहे अशी.

तिकडच्या वसतिगृहात एक पोरगा होता, सेगा पावरा.
गच्चीवरच्या बल्बखाली अभ्यास करायचा.
त्याला एकदा विचारलं, शहर कुठून चांगलं दिसतं रे?
म्हणाला, धडगावच्या गाडीत मागच्या सीटवरून,
रात्री, सोनगीर सुटलं की.
मी म्हटलं, त्यातला निम्मा उजेड माझ्या वहीत आहे.
निम्मा नव्हता. अकराशे मीटर.
पण तो वळून बघत राहिला बराच वेळ,
मी खोटं बोललो असं नाही वाटलं.

डबा स्टेशनावर उघडायचा, फलाटाच्या पार टोकाला.
तिथं रूळ संपतात,
पुढं मातीचा ढीग, ढिगावर बाभूळ.
गाडीला इथून पुढं जायचंच नसतं,
त्यामुळं उतरणारे घाई करत नाहीत.
म्हाताऱ्या बायका पिशव्या मोजतात, परत मोजतात.
कळण्याची भाकरी असली तर ठेचा माझ्यातला घे.

आता शेवटचं.
सात नंबरच्या टोकाला निळं दार,
कुलपावर गंज, नऊ वर्षं झाली.
शेजारी सांगतील, 'आठे कोनी ऱ्हात नही.'
बरोबर आहे त्यांचं.
मीटर महिन्याला एक युनिट पुढं जातं.
एका दिवाळीला दोन.
तार तपासली, गळती नाही.
साहेबांना मी कळवलं नाही
आणि दार कधी वाजवलं नाही.

तुझ्या मशीनमध्ये 'घर बंद' असं बटण असेल.
ते दाबू नकोस.
एक आलं तर एक लिही,
आणि त्या दारापुढं गाडी लावताना
इंजिन आधीच बंद कर.