पंचवीस मिनिटं

लाकूडगिरणीच्या मागे पाटी आहे :
धबधबा, पंचवीस मिनिटं.
अक्षरं बाबांच्या हातची. शेवटचा आकडा जरा घसरलेला,
कारण त्या दिवशी शिडी चिखलात रुतत होती.

ल्युब्ल्यानाहून आलेली तरणी पोरं
बारा मिनिटांत पोचतात,
फोटो काढून उतरतात आणि पाटीपाशी हसतात :
कुणी मोजलं हे? गोगलगायीनं?

मी काही बोलत नाही.
दर तिसऱ्या वर्षी बीचच्या खोडांवर
लाल कड्यात पांढरा ठिपका नव्यानं रंगवायचा,
एवढंच माझं काम.
या वर्षी मात्र वनखात्याचं पत्र आलंय :
वेळ दुरुस्त करावी. पंधरा लिहावं.

आज बाबांना घेऊन निघालेय.
डावा गुडघा स्टीलचा, उजवा हट्टाचा.
काठी नको म्हणतात,
आणि माझा खांदा काठीसारखा वापरतात.

रानलसणाचा वास पहिल्या वळणापर्यंत सोबत येतो
मग ओळखीच्या कुत्र्यासारखा घराकडे वळतो.
पुढे नुसतं बीचचं रान. पालवी इतकी कोवळी
की बाबांचा चेहराही हिरवट दिसतो,
आजारी नव्हे,
नुकताच मातीतून वर आल्यासारखा.

दगडी बाकाशी ते थांबतात. दम लागलाय, वाटतं मला.
"इथे दोन मिनिटं," म्हणतात.
"तुझ्या बुटात खडा गेला होता.
काढला, तर तो खडाच हवा म्हणून रडलीस."

लाकडी पुलावर :
"इथे चार. या कठड्यावरून पान सोडायचं,
त्या कठड्याकडे धावायचं, आलं का बघायला.
एकेक पान, नेझा. मी घड्याळ धरून उभा."

मुळांच्या पायऱ्यांपाशी आवाज खाली येतो त्यांचा :
"आणि इथे सात.
रात्री पाऊस होऊन गेलेला. वाटेत सॅलमँडर,
काळ्या अंगावर पिवळा रंग सांडलेला.
तो हलेना,
तू हलेनास."

एक्क्याऐंशीचा जुलै. आई टोल्मिनच्या इस्पितळात.
साहेबांनी सांगितलं होतं, जा, वाट चालून वेळ लिहून आण,
आणि पाच वर्षांच्या मला ठेवायचं कुणाकडे
हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मी मनात बेरीज करते. दोन, चार, सात.
बाकीची बारा त्यांची.

"साहेब काही म्हणाले नाहीत?"
"म्हणाले, ओझ्बेय, एवढा वेळ?
मी म्हटलं, चढ फार आहे."

चढ?
या वाटेवर दुधाचं भांडं डोक्यावर घेऊन जावं,
थेंब सांडणार नाही.

धबधबा आधी गालांना कळतो, मग कानांना.
तसा मोठा नाही, चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढाच.
पण वरून कुणी बादल्या ओतत राहावं
आणि खाली कुणालाच पुरे म्हणायचं सुचू नये, तसा.
बाबा काहीतरी ओरडून सांगतात.
मला ऐकू येत नाही. मी मान हलवते.
त्यांना तेवढं पुरतं.

तुषारांनी कोट भिजला. खिशातलं पत्रही.
बाहेर काढलं तर पंधरातला पाच
शाईचं एक निळं डबकं झालेला.
रंगाचा डबा पिशवीत तसाच, झाकण न उघडलेला.
उघडेन का, ठाऊक नाही अजून.

परतताना पुलावर एक धावणारा भेटतो,
घामाघूम, मनगटावर चमकणारं घड्याळ.
"अजून किती?"
बाबा त्याला नीट न्याहाळतात.
"बरोबर कोण आहे?"

तो कानातलं यंत्र काढतो, पुन्हा विचारतो.
बाबांचं लक्ष केव्हाच उडालंय.
वाकून, कुरकुरत, फळीवरचं एक वाळकं पान उचलतात,
कठड्यापलीकडे सोडतात
आणि माझ्याकडे बघतात,
म्हणजे, धाव.