कलम सात

फत्तेगंजला रिक्षावाल्याला म्हटलं, मंडळीत जायचंय,
तर तो दूध मंडळीच्या दारात उतरवून गेला.
त्याचंही काय चुकलं!
आमच्यातही पावती फाडतात, हिशेब तपासतात,
सभासदाला एक मत असतं,
आणि कुणाच्या भक्तीत फॅट किती, यावर कुजबुज चालते.

वडोदऱ्यातली आमची मराठी मंडळी:
पटावर एकसष्ट, बाकांवर सव्वीस.
इमारत गुजराती मंडळीची. आम्हाला चार ते सहा,
पंख्यांचं बिल निम्मं.
आजोबा नगरहून इथे रेल्वेच्या कारखान्यात आले
ते ट्रंकेत गायनाचं पुस्तक
आणि ही एक खोड घेऊन,
की आमच्यावर कुणी बिशप नाही.
वरून हुकूम येत नाही.
पाळकसुद्धा आपणच हात वर करून बोलवायचा.
सध्या पाळक नाहीत. दोन वर्षं झाली.
पाचारण समिती आहे.

मी कार्यवाह.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
आई म्हणते, तू प्रार्थनाही ठरावासारखी करतेस.
बाबा दोघींनाही मंडळीच म्हणायचे;
"आमच्या मंडळीला विचारून सांगतो" म्हटलं
की समोरच्याला कळत नसे,
आई, की अख्खं चर्च.

आज वार्षिक सभा. कोरम अकरा, हजर चौदा.
विषय चौथा, घटनेतलं कलम सात:
तीन वर्षं ना उपस्थिती, ना वर्गणी, ना पत्र,
तर नाव पटावरून कमी करावं.
यादी मी टाइप केली. वाचलीही मीच.
एलिशा पाटोळे, सुरत. कमी.
सुवार्ता आढाव, लग्नानंतर पत्ता नाही. कमी.
सूचक उमाप मास्तर, अनुमोदक रूथबाई, दरवेळी तीच जोडी.
तीतस शांतवन भिंगारदिवे. मस्कत.
माझ्या पाठचा.

आवाजाला काही झालं नाही.
सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला होता.

"सुचवतो," उमाप मास्तर म्हणाले, अगदी हळू.
त्याला सुवर्णवचनं त्यांनीच पाठ करून घेतली होती,
पण नियम तो नियम.
"अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारलं.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
रूथबाईंनी चष्मा पुसायला घेतला.
कदम डीकन वाकून बुटाची नाडी बांधू लागले.
त्यांच्या पायात चपला होत्या.
तिसऱ्या बाकावर आई. तिलाही मत आहे.
तिचे दोन्ही हात पर्सवर.
"पुन्हा विचारतो. अनुमोदन?"
स्कूटर लागली, गेली.

गप्प राहण्यासाठी आमच्या घटनेत कलम नाही.
ओबेदकाका माझ्याकडे बघत राहिले, मी वहीकडे.
मग लिहिलं:
विषय चौथा, नाव तिसरं, अनुमोदनाअभावी ठराव बारगळला.
अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

सहाला गुजराती मंडळी दारात.
आम्ही पुस्तकं कपाटात ठेवली, बाक सरळ केले.

रिक्षात आई बराच वेळ काही बोलली नाही.
निजामपुऱ्याच्या वळणावर म्हणाली,
"किती थकली असेल गं त्याची?"
चार वर्षं, महिना पन्नास. दोन हजार चारशे, मी म्हटलं.
"पेन्शन झाली की घे.
पावती त्याच्याच नावाने फाड."